नामांचें कवच

तिन्हीसांज झाली, देवापुढें समई लागली, कीं महाराष्ट्रांतील कित्येक घरांत मुलांच्या तोंडून रामरक्षा ऐकूं येते. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना ती अर्थ कळण्यापूर्वींच पाठ झालेली असेल. अंधाराची भीति वाटली, घरांत कोणी आजारी पडलें, कोणी दूरच्या प्रवासास निघालें, म्हणजे तींच अक्षरें आपोआप ओठांवर येतात. परंतु ह्या नामोच्चारानें रक्षण होतें म्हणजे नेमकें काय होतें?

हें स्तोत्र बुधकौशिक ऋषींच्या नांवावर आहे. शंकरांनीं तें स्वप्नांत सांगितलें व ऋषींनीं पहाटे उठून लिहून ठेविलें, असें स्तोत्रांतच म्हटलें आहे. त्याचा गाभा म्हणजे कवच. योद्धा जसें चिलखत चढवितो, तसें भक्तानें मस्तकापासून पावलांपर्यंत एकेका अवयवावर रामाचें एकेक नांव चढवावयाचें.

हीं नांवें वाटेल तशीं विखुरलेलीं नाहींत. मस्तकावर राघव हें कुळाचें नांव. कपाळावर दशरथाचा पुत्र, डोळ्यांवर कौसल्येचा. कानांशीं विश्वामित्राचा आवडता येतो, नाकाशीं यज्ञाचा रक्षक. बाहूंवर शिवधनुष्य मोडणारा, हातांवर सीतेचा पति, हृदयावर परशुरामास जिंकणारा. पुढें खराचा नाश करणारा, जांबवंताचा आश्रय, सुग्रीवाचा स्वामी, हनुमंताचा प्रभु. गुडघ्यांशीं सेतु बांधणारा, पोटऱ्यांशीं रावणाचा अंत करणारा आणि पावलांशीं बिभीषणास राज्यलक्ष्मी देणारा. एखाददुसरा अपवाद सोडला, तर सारें रामायण क्रमानें मस्तकाकडून पावलांकडे उतरत आलेलें आहे!

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. विद्यानिधि, दिव्यायुध अशीं केवळ सामर्थ्याचीं नांवें ह्यांत थोडीं. बहुतेक नांवें कोणाच्या तरी नात्यानें पडलेलीं आहेत : कोणाचा पुत्र, कोणाचा पति, कोणाचा आश्रय. लक्ष्मणावर माया करणारा मुखाचें रक्षण करतो, भरतानें वंदिलेला कंठाचें. म्हणजे हें चिलखत लोखंडाचें नसून माणसामाणसांतील निष्ठेचें आहे.

दीर्घायुष्य, सुख व विजय ह्यांचें आश्वासन फलश्रुति देते, हें खरें. पण ज्याचीं हीं नांवें, त्या रामाला वनवास चुकला नाहीं, सीतेचा वियोगही चुकला नाहीं. संकट येणारच नाहीं, असा अर्थ त्याच्या चरित्रांतून निघत नाहीं. संकटांत तो एकटा पडला नाहीं व त्यानें कोणास एकटें पडूं दिलें नाहीं, एवढाच निघतो.

म्हणून मुलाला ताप भरला असतां डॉक्टरांना बोलवावयासच हवें; तें काम रामरक्षेचें नव्हे. परंतु डॉक्टर येऊन जातात, औषध पोटांत जातें, तरी रात्र उरतेच. त्या रात्रीं आई उशाशीं बसते आणि हलक्या स्वरांत म्हणूं लागते. आठ आठ अक्षरांचे ते अनुष्टुभाचे चरण संथपणें पुढें सरकतात, तसा तिचा कापरा श्वास ठिकाणावर येतो. मस्तक, कपाळ, डोळे, कान; एकेका नांवासरशीं तिचा हात मुलाच्या अंगावरून फिरत पावलांपर्यंत जातो. मुलाला त्यांतील एकाही नांवाचा अर्थ ठाऊक नसतो. आपल्या अंगाचा एकही भाग कोणाच्या लक्षांतून सुटलेला नाहीं, एवढें मात्र त्याला कळतें, आणि तें झोपीं जातें.