इंजिन बदललं आणि एक्सल तुटायला लागले

आज गप्पा नाहीत, पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. सांगलीच्या एका श्रोत्यांचा प्रश्न आलाय आणि तो ऐकून मला माझी जुनी खोड आठवली. त्यांनी मारुती 800 मध्ये एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवलाय. गाडी पळते झकास, पण वर्षभरात तीन एक्सल तुटले. तिन्ही आखूड बाजूचे. विचारतात, अजून मजबूत एक्सल कुठे बनवून मिळेल?

मी पण हाच प्रश्न विचारत फिरलो होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात.

आधी मिस्त्री लोक काय सांगतात ते बघू. "इंजिनची ताकद वाढली, एक्सलला झेपत नाही." ऐकायला पटतं. 800 च्या इंजिनाचा टॉर्क साधारण 60 न्यूटन मीटर, एस्टीमचा शंभरच्या वर. पण जरा थांबा. तेच इंजिन एस्टीममध्ये असताना एक्सल का तुटत नव्हते? ती गाडी तर 800 पेक्षा जवळपास 200 किलोने जड. हलक्या गाडीत उलट टायर आधी घसरतो, म्हणजे एक्सलवरचा ताण तिथेच मर्यादित होतो. मग फक्त ताकदीला दोष देऊन कसं चालेल? हा प्रश्न मला पडायला दोन एक्सल जावे लागले.

माझा पहिला एक्सल होता जोडलेला. आतल्या बाजूचा जॉइंट एस्टीमचा, बाहेरचा 800 चा, आणि मधला शाफ्ट कापून वेल्डिंग. असं पुष्कळ जण करतात. नका करू. एक्सलचं पोलाद उष्णता देऊन कडक केलेलं असतं, वेल्डिंगने आजूबाजूचा तो कडकपणा बिघडतो. माझा बरोबर वेल्डच्या शेजारी तुटला, गगनबावड्याच्या घाटात, चढावर, बाबा शेजारी बसलेले असताना.

इथे एक गोष्ट नीट ऐका. एका बाजूचा एक्सल तुटला की गाडी नुसती ओढायची थांबत नाही, गिअरमध्ये ठेवूनही उभी राहत नाही. डिफरन्शियलमधली ताकद तुटलेल्या बाजूने मोकळी फिरून जाते. इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी मागे सरकायला लागली. मी ब्रेक दाबून बसलो. हँडब्रेकची केबल सैल, तो ओढला तरी गाडी सरकायची. शेवटी बाबांनी उतरून चाकामागे दगड लावला. त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. इंजिन बदलणार असाल तर आधी हँडब्रेक नीट करा, बाकीचं नंतर.

मग मी अखंड शाफ्ट करून घेतला. ईएन 24 चा, लेथवर, स्प्लाइन पाडून, हार्डनिंग करून. पैसे भरपूर गेले. शाफ्ट अजून शाबूत आहे, पण तीन महिन्यांत आतला जॉइंट फुटला. म्हणजे काय झालं, तर कमजोर जागा एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली. मूळ दुखणं तसंच.

त्या वेळी आमच्या जुन्या मिस्त्री काकांनी विचारलं, "तुटलेला तुकडा कुठाय?" मी भंगारात टाकला होता. त्यांनी जे सुनावलं ते इथे सांगता येणार नाही. नशिबाने जॉइंटची वाटी होती. काकांनी ग्रीस पुसून आत बोट दाखवलं. तळाशी चकचकीत गोल डाग. शाफ्टचं टोक तळाला जाऊन आपटत होतं!

आतला जॉइंट थोडा आतबाहेर सरकतो, कारण चाक वरखाली होताना अंतर बदलतं. आम्ही ब्रॅकेट बनवताना गिअरबॉक्स त्या बाजूला सरकवून बसवला होता. एंजिनबेमध्ये जागा पुरत नव्हती, मग जसं बसलं तसं बसवलं. त्यामुळे शाफ्टला सरकायला जागाच उरली नाही. शिवाय गिअरबॉक्स थोडा उंच बसल्याने जॉइंटचा कोनही वाढलेला, आणि आखूड शाफ्टला तेवढ्याच उंचीने कोन जास्त पडतो. म्हणून आखूड बाजूच तुटते.

तपासायचं कसं? गाडी जॅकवर लटकवून बघू नका, चाक खाली लोंबतं आणि सगळी मापं फसवी येतात. स्ट्रटमधली स्प्रिंग काढा, हबखाली जॅक लावून चाक खालून वरपर्यंत हळूहळू न्या. शाफ्टवर खडूने खूण करा. प्रत्येक ठिकाणी शाफ्ट हाताने आतबाहेर हलवा. कुठेही घट्ट लागला तर तिथेच चोर आहे. माझ्याकडे एका जागी जेमतेम 2 मिलिमीटर उरले होते.

त्यानंतर फाउंडेशन. बॉनेट उघडा, ब्रेक दाबून एकाला आत बसवा, पहिल्या गिअरमध्ये हलका हाफ क्लच, मग रिव्हर्समध्ये. समोर उभे राहू नका, बाजूने बघा. माझं इंजिन उडी मारत होतं. एक रबर फाटलेलं. मापं उभ्या गाडीत बरोबर आणि चालत्या गाडीत चूक, ती यामुळे.

उपाय स्वस्त निघाला. ब्रॅकेटची भोकं लांबट करून गिअरबॉक्स सुमारे 12 मिलिमीटर सरकवला, रबरं नवी टाकली, योग्य लांबीचा एक्सल बसवला. आणि हो, आरसी बुकात इंजिन बदलाची नोंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये हा विषय आहे, आरटीओत जाऊन काम करायच्या आधी विचारा.

तर सांगलीकर, चौथा एक्सल बनवायला टाकू नका. मला एवढं सांगा: तुकडे आहेत का? तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा आहेत, म्हणजे हळूहळू चीर वाढत गेली, की एकदम पिळवटून तुटलाय? वळताना कटकट येते की सरळ रस्त्यावर वेग घेताना थरथर? पहिलं बहुधा बाहेरच्या जॉइंटचं, दुसरं आतल्या. आणि जॉइंटची वाटी पुसून तळ बघा. फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.