छपराखालची पेठ

श्रोतेहो, आठवडी बाजार आपल्या सर्वांच्या परिचयाचा. पाऊस आला की पाल आवरायचं, ऊन चढलं की झाडाखाली सरकायचं. हवेच्या कलाने चालणारा हा व्यवहार. या हवेलाच दाराबाहेर थोपवून धरणारी पेठ कशी जन्मली आणि पुढे तिचं काय झालं, ते आज पाहू.

अमेरिकेच्या उत्तरेस मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस हे शहर आहे. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. सुखाने बाजारहाट करावा असे दिवस वर्षात जेमतेम सव्वाशे, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर मोटारी आल्या, माणसं उपनगरांत राहायला गेली. गिऱ्हाईक गेलं, त्यामागून दुकान निघालं. शहरातल्या ‘डेटन्स’ या मोठ्या दुकानाच्या मालकांनी ईडायना या उपनगरात जागा घेतली आणि आराखड्याचं काम व्हिक्टर ग्रूएन या वास्तुकाराकडे सोपवलं.

ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा, जन्म १९०३ चा. जातीने ज्यू. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया घेतला, तेव्हा तो अमेरिकेत आला. पायी हिंडावं, चार माणसं भेटावीत, असे व्हिएन्नाचे चौक त्याच्या मनात घर करून होते. तसाच चौक त्याने छपराखाली उभारला. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘साउथडेल’ उघडलं. खर्च दोन कोटी डॉलर, दुकानं ७२, मोटारींना जागा ५,२००. आत झाडं, पक्ष्यांचा पिंजरा आणि बारमाही वसंत!

पण ग्रूएनला नुसती पेठ नको होती. भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग असं गाव वसावं, अशी त्याची योजना. झालं भलतंच. पेठ तेवढी राहिली, आणि तिच्याभोवती डांबरी वाहनतळ. हाच नमुना देशभर पसरला आणि जुन्या शहरांच्या मध्यवस्तीतलं गिऱ्हाईक ओढून घेऊ लागला. ग्रूएन १९६८ साली व्हिएन्नाला परतला, तर १९७६ मध्ये त्याच शहराच्या वेशीवर तसलीच प्रचंड पेठ उभी राहिली! १९७८ साली त्याने या अपत्यांचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. १९८० मध्ये तो वारला.

इकडे साउथडेलमध्ये पाट्या बदलत होत्या. ‘डेटन्स’चं नाव २००१ मध्ये ‘मार्शल फील्ड्स’ झालं, २००६ मध्ये ‘मेसीज’. दुसरं मोठं दुकान ‘डोनल्डसन्स’. त्या जागी पुढे तीन वेगवेगळी दुकानं आली; त्यांतलं शेवटचं ‘हर्बर्गर्स’ २०१८ साली बंद पडलं. जिथे ‘जे. सी. पेनी’ कापडचोपड विकत होतं, तिथे २०१९ मध्ये व्यायामशाळा आली. घरबसल्या माल मागवता येऊ लागल्यावर नुसत्या विक्रीवर एवढा पसारा पोसणं अवघडच.

मात्र एक गंमत बघा. २०१४ साली त्याच वाहनतळाच्या एका कोपऱ्यात राहत्या घरांची इमारत उभी राहिली. ग्रूएनची योजना अठ्ठावन्न वर्षांनी, कोपऱ्यापुरती का होईना, खरी झाली. दुकान येतं नि जातं. पेठ टिकते ती तिच्या आसपास माणसं नांदतात तेव्हा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. आपल्या गावच्या पेठेत पन्नास वर्षांत कोणत्या जागी कोणती दुकानं आली नि गेली, याची यादी मुलांना वडीलधाऱ्यांना विचारून करू द्या. गावाचा इतिहास त्यांना दुकानांच्या पाट्यांवरून वाचता येईल.