पहिला नंबर आणि पहिली प्रत



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. अमेरिकेतील हायस्कूलच्या मुलामुलींच्या वाद्यस्पर्धा, आणि त्यांवर बोलणार कोण, तर कामगार संघटनेचा कार्यकर्ता! मी गवई नाही, वादक नाही, आणि संगीतशास्त्राचे माझे ज्ञान चार पुस्तके वाचून मिळालेले आहे. परंतु कामाची प्रत कशी ठरवावी, त्या प्रतीपर्यंत पोचण्याचा खर्च कोणी सोसावा आणि एकाच्या फुकट कामाने दुसऱ्याची भाकरी जाते तेव्हा न्याय कोणता, हे तीन प्रश्न माझ्या रोजच्या व्यवहारातले आहेत. या स्पर्धांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा हेच तीन प्रश्न मला तेथे भेटले. म्हणून हे धाडस.

प्रथम स्पर्धेचे स्वरूप सांगतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हायस्कूलला स्वतःचा बँड असतो, पुष्कळ ठिकाणी तंतुवाद्यांचा वाद्यवृंद आणि गायनवृंदही असतो. या मोठ्या वृंदांच्या स्पर्धा वेगळ्या. मी बोलतो आहे ती स्पर्धा लहान आहे. तिला तेथे ‘सोलो अँड एन्सेम्बल’ म्हणतात, म्हणजे एकल आणि लहान वृंद. एका शनिवारी एखाद्या शाळेचे वर्ग रिकामे केले जातात. प्रत्येक वर्गात एक परीक्षक बसतो. ठरलेल्या वेळेला पंधरा-सोळा वर्षांची मुलगी क्लॅरिनेट घेऊन आत येते, शेजारी पियानोची साथ असते, आणि पाच-सात मिनिटे ती एक रचना वाजवते. टेक्सससारख्या राज्यात रचना वाटेल ती चालत नाही. मान्य रचनांची यादी असते आणि काठिण्याप्रमाणे तिचे वर्ग पाडलेले असतात. छापील स्वरलिपीची अस्सल प्रत परीक्षकापुढे ठेवावी लागते. तीतील मात्रांच्या ओळींना अनुक्रमांक घातलेले असतात, म्हणजे ‘अमुक ठिकाणी लय ढळली’ असे त्याला नेमके लिहिता येते. वाजवणे संपले की परीक्षक एका कागदावर स्वराचा दर्जा, सुरेलपणा, लय, हाताची तयारी आणि भाव यांबद्दल शेरे लिहितो आणि शेवटी एक आकडा घालतो.

हा आकडाच माझ्या आजच्या भाषणाचा खरा विषय आहे. तो एक ते पाच यांपैकी असतो. एक म्हणजे सर्वोत्तम, दोन म्हणजे उत्कृष्ट, तीन म्हणजे चांगले, आणि असे खाली. आपण म्हणाल, हा तर नंबर झाला. नाही, हा नंबर नव्हे, ही प्रत आहे. त्या दिवशी त्या वर्गात वीस मुले वाजवून गेली आणि त्यांतील आठ पहिल्या प्रतीची ठरली, तर आठांनाही पहिली प्रत मिळते. एकही त्या योग्यतेचा नसेल तर एकालाही मिळत नाही.

ही पद्धत पहिल्यापासून नव्हती. 1923 साली शिकागो येथे शाळांच्या बँडची मोठी स्पर्धा भरली. देशभरातून तीसएक बँड आले होते आणि ओहायो राज्यातील फॉस्टोरिया या लहान गावच्या शाळेने पहिला क्रमांक पटकावला. स्पर्धेमागे पैसा आणि उत्साह होता वाद्ये बनवणाऱ्या कारखानदारांचा. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी बँडची मागणी ओसरली होती, गावोगावचे हौशी बँड मोडत चालले होते, आणि कर्णे व क्लॅरिनेट विकायला नवे गिऱ्हाईक हवे होते. ते त्यांना शाळांत सापडले. कारखानदाराचा हेतू नफ्याचा होता हे मी सांगतो, पण त्यामुळे लाखो गरीब मुलांच्या हाती वाद्य आले हेही सांगतो. इतिहासात चांगल्या गोष्टी पुष्कळदा अशाच मिश्र हेतूंनी घडतात.

पुढे संगीतशिक्षकांच्या संघटनेने स्पर्धांची व्यवस्था हाती घेतली. आधी राज्यांच्या फेऱ्या आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, अशी शिस्त लावली. एकल वादनाच्या आणि लहान वृंदांच्या स्पर्धाही वाढल्या. त्याबरोबर शिक्षकांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावले की तीन शाळा हसत घरी जातात आणि बाकीच्या कडवटपणा घेऊन जातात. शिक्षक मुलांना वर्षभर एकाच रचनेला जुंपतात, कारण शेजारच्या गावाला हरवायचे असते. संगीत बाजूला राहते आणि चषक पुढे येतो. म्हणून 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी क्रम काढून टाकून प्रत देण्याची पद्धत स्वीकारली. तीच मोठ्या प्रमाणावर आजपर्यंत चालत आली आहे.

कारखान्यातील माणसाला ही गोष्ट चटकन समजते. फिटरची ट्रेड टेस्ट घेताना त्याने घासलेला तुकडा शेजाऱ्याच्या तुकड्याशी लावून पाहत नाहीत, गेजला लावून पाहतात. गेजमध्ये बसला तर पास, नाही तर नापास. दहाच्या दहा तुकडे बसले तर दहाही कारागीर पास! मालकाला मात्र क्रम लावणे आवडते. दहांपैकी एकाला बक्षीस दिले की उरलेले नऊ मालकाकडे पाहायचे सोडून एकमेकांकडे डोळे वटारून पाहू लागतात. प्रत माणसाला कामाकडे पाहायला लावते, क्रम त्याला शेजाऱ्याकडे पाहायला लावतो. हा फरक लहान नाही.

या पद्धतीवर टीकाही झाली आहे, आणि ती ऐकली पाहिजे. परीक्षक मऊ झाला की सरसकट पहिली प्रत वाटतो आणि मग पहिल्या प्रतीला किंमत राहत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु गेज झिजला तर गेज बदलावा. गेज टाकून देऊन कुस्ती लावणे हा त्यावर उपाय नव्हे.

आता लहान वृंदाकडे वळू. पाच मुले येतात: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न. समोर काठी हलवणारा संचालक नसतो. सुरुवात कशी होते? एक मुलगा वाद्य किंचित उचलून श्वास घेतो आणि त्या श्वासाच्या खुणेवर पाचही जण एकदम सूर लावतात. एकाचा सूर चढला तर इतरांनी तो ऐकून आपापला सूर जुळवून घ्यावा लागतो. ‘मी बरोबर, तू चूक’ असे म्हणायला तेथे सवड नसते. आणि शेवटी प्रत मिळते ती पाचांना मिळून एक. एकाने घरी सराव केला नाही तर पाचही जण खाली येतात. टोळीवर काम करणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारा, हा धडा किती महाग असतो ते तो सांगेल. त्या मुलांना तो सोळाव्या वर्षी, कोणाचीही मजुरी न बुडता मिळतो. एकल वादन माणसाला उभे राहायला शिकवते आणि वृंदवादन त्याला ऐकायला शिकवते. दोन्ही शिक्षणे हवीत, आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच इमारतीत देणारी ही व्यवस्था मला म्हणूनच मोलाची वाटते.

परंतु गेज सर्वांना सारखा असला तरी गेजपर्यंत पोचण्याची वाट सर्वांना सारखी नसते. ज्या घरी खाजगी शिकवणीचे पैसे आहेत, चांगले वाद्य विकत घेण्याची ऐपत आहे, पियानोच्या साथीदाराला मेहनताना देता येतो, त्या घरचे मूल वर्गात शिरते तेव्हाच चार पावले पुढे असते. बंद दाराआडच्या परीक्षकाला फक्त सूर ऐकू येतात. त्यामागचा खर्च ऐकू येत नाही.

याहूनही मोठा अन्याय तेथे दीर्घकाळ झाला. टेक्सस राज्यात शालेय स्पर्धा चालवणारी संस्था 1910 साली निघाली, परंतु तिची दारे गोऱ्या मुलांच्या शाळांनाच उघडी होती. काळ्या मुलांच्या शाळांसाठी 1920च्या सुमारास प्रेअरी व्ह्यू येथील महाविद्यालयाच्या आश्रयाने वेगळी संस्था उभी राहिली आणि तिने खेळ, वक्तृत्व, संगीत अशा सर्व स्पर्धा आपल्या हिमतीवर चालवल्या. दोन्ही संस्थांचे एकत्रीकरण 1967 साली सुरू झाले आणि 1970 पर्यंत ती वेगळी संस्था बंद झाली. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक एकाच राज्यातील दोन मुले तेच वाद्य वाजवत होती आणि त्यांना एका परीक्षकापुढे उभे राहण्याची मुभा नव्हती. ज्या देशात आपण राहतो तेथे पाणवठ्याचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला यावर अधिक भाष्य नको.

आता तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न. 1927 साली अमेरिकेत बोलपट आला आणि मूकपटांना साथ करणारे हजारो वादक थोड्याच वर्षांत रस्त्यावर आले. नंतर रेडिओ आणि ग्रामोफोन यांनी उरलेल्यांचे काम खाल्ले. वादकांची कामगार संघटना 1896 पासून होती. 1940 साली तिच्या अध्यक्षपदी जेम्स पेट्रिलो नावाचा शिकागोचा ट्रम्पेटवाला आला. शाळेत चौथीच्या पुढे न गेलेला, तिखट जिभेचा माणूस. 1 ऑगस्ट 1942 पासून त्याने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तो मोडायला बड्या कंपन्यांना 1944 उजाडले, आणि त्यांना प्रत्येक तबकडीमागे वादकांच्या निधीला पैसे देण्याचे कबूल करावे लागले. त्या पैशातून बेकार वादकांना काम देऊन लोकांसाठी विनामूल्य जलसे झाले. हा विजय मोठाच होता.

परंतु त्याच 1942च्या उन्हाळ्यात पेट्रिलोने आणखी एक गोष्ट केली. मिशिगनच्या अरण्यात इंटरलॉकन येथे जोसेफ मॅडी या शिक्षकाने 1928 पासून हायस्कूलच्या मुलांसाठी संगीत-शिबिर चालवले होते. देशातील निवडक मुले तेथे येत आणि त्यांचे वादन रेडिओवरून ऐकवले जाई. पेट्रिलोने ते प्रक्षेपण बंद पाडले. त्याचे म्हणणे सरळ होते: मुलांना फुकट वाजवायला लावून रेडिओ कंपनी तो वेळ भरून काढते, आणि तोच वेळ भरायला तिने पगारी वादक घेतले असते. वर्तमानपत्रांनी त्याला मुलांचा शत्रू ठरवले. संघटनेचा सभासद असलेल्या मॅडीला 1946 साली संघटनेने काढून टाकले. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने खास पेट्रिलोला आवर घालणारा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

कामगार कार्यकर्ता या नात्याने मी पेट्रिलोची बाजू घेईन असे आपल्याला वाटत असेल. त्याचा प्रश्न खरा होता असे मी म्हणतो. हौसेचे फुकट काम जेव्हा बाजारात येते तेव्हा ते पोटासाठी काम करणाऱ्याची मजुरी पाडते. ते काम करणारे हात कोवळे आहेत म्हणून हा नियम बदलत नाही. परंतु त्याने दाबले ते चुकीच्या जागी. नफा रेडिओ कंपनीचा होता आणि गप्प बसवली गेली मुले. ज्या संघटनेच्या पाठीशी लोकमत हवे, तिने लेकरांच्या हातातले वाद्य थांबवले की लोक तिचा खरा प्रश्नही ऐकेनासे होतात. कायदा झाला तो त्यामुळेच.

आनंदाची गोष्ट ही की हा प्रश्न शेवटी कायद्याच्या बडग्यापेक्षा समजुतीने अधिक नीट सुटला. 1947 साली वादकांची संघटना, संगीतशिक्षकांची संघटना आणि शाळांचे प्रशासक यांनी एका आचारसंहितेवर सह्या केल्या. शाळेचे समारंभ, शिक्षणाचे कार्यक्रम, स्पर्धा ही विद्यार्थ्यांची हद्द. व्यापारी करमणूक, जाहिराती, पैसे मिळवण्याचे जलसे ही पोटार्थी वादकांची हद्द. एका कागदावर दोघांच्या शेताला बांध घातला गेला.

आपल्या दारातही हा प्रश्न उभा आहे. वरातीपुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारा बँडवाला, देवळापुढे सनई-चौघडा वाजवणारा वाजंत्री, हलगीवाला, यांच्या कुटुंबांत ही विद्या पिढ्यान्पिढ्या चालत आली. ध्वनिवर्धकाच्या भिंतींनी त्यांचे काम हिरावले. दुसरीकडे गणेशोत्सवात महाविद्यालयीन मुलेमुली हौसेने ढोल-ताशा वाजवतात. त्यांच्या हौसेचे मला कौतुकच आहे. परंतु मिरवणुकीचा कार्यक्रम ठरवताना ‘पोटासाठी वाजवणारा यंदा कुठे आहे?’ हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत कोणी तरी विचारला पाहिजे. मुलांनी वाजवावे, पण त्यांना वाजवायला शिकवण्यासाठी त्या वाजंत्र्यालाच मानधन देऊन शाळेत का बोलावू नये? पिढीजात कारागिराला गुरुजींच्या खुर्चीवर बसवण्याने दोघांचेही भले होईल.

आपल्या शहरातील आंतरशालेय स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींपुढे म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, नंबर काढण्याऐवजी प्रत द्या आणि प्रत्येक मुलाच्या हाती परीक्षकाचे लेखी शेरे पडू द्या. चषक कपाटात जातो, शेरा सरावाला उपयोगी पडतो. दुसरी, एकल गायन-वादनाइतकाच मान चार-पाच जणांच्या वृंदाला द्या, आणि त्यात साथीला बसणाऱ्या तबलजी आणि पेटीवाल्या मुलालाही प्रत द्या. गाणारीला ढाल आणि साथीदाराला नुसता चहा, हा आपला जुना अन्याय आहे. तिसरी, वाद्य नाही म्हणून कोणते मूल मागे राहिले याची स्पर्धेपूर्वी चौकशी करा. शाळेला चार वाद्ये घेऊन देणे हे भव्य मंडपापेक्षा स्वस्त आहे.

स्पर्धा वाईट नाही. माणसाला आपले काम कोणी तरी लक्ष देऊन ऐकावे, तपासावे असे वाटतेच, आणि त्या बंद वर्गात मुलाला निदान पाच मिनिटे तरी एका जाणत्या माणसाचे पुरे लक्ष मिळते. पुष्कळ कामगारांना उभ्या आयुष्यात तेवढे मिळत नाही. ते लक्ष प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावे आणि त्यापायी कोणाच्या ताटातील भाकरी जाऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.