कलेचे अंगण आणि कलावंताची जागा

नांदेड जिल्ह्यातील भोकर हे तालुक्याचे गाव. मुदखेडहून किनवटकडे व पुढे आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो, आणि नंदिग्राम एक्सप्रेस भोकरच्या माणसाला थेट मुंबईस नेऊन सोडते. याच गाडीने शिक्षणासाठी मुंबईस गेलेल्या भोकर तालुक्यातील एका विद्यार्थ्याच्या मनात जे विचार उठले, त्यांचा येथे थोडा परामर्श घ्यावयाचा आहे. त्याचे नाव महत्त्वाचे नाही. त्याच्यासारखे तरुण पुष्कळ आहेत. घरी पुरेशी शेती, वडील शिक्षक, भिंतीशी पुस्तकांचे कपाट. आपण कोणी भाग्यवान आहोत असे त्याला कधी वाटले नव्हते. परंतु भाग्याचे लक्षण बहुधा हेच, की ते ज्याच्यापाशी असते त्यालाच दिसत नाही.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्याने पोतराज सादर केला. कपाळी मळवट, कमरेला रंगीत खणांचा घोळदार पेहराव, पायांत घुंगरू, हातात आसूड. लहानपणापासून दारी येणारा पोतराज त्याने पाहिला होता. चाल, आरोळी, आसुडाचा फटकारा, सारे त्याला पाठ होते. टाळ्यांचा कडकडाट झाला, पहिले पारितोषिक मिळाले, आणि मानचिन्ह घेऊन तो सुटीत गावी आला. आईने ते पुस्तकांच्या कपाटावर मांडले.

आषाढाचे दिवस होते. दारी हलगी वाजली. मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेतलेली बाई आणि तिच्या पुढे तोच ओळखीचा पोतराज. त्याने अंगावर आसूड ओढला, आरोळी दिली. आई सुपात जोंधळे घेऊन बाहेर आली. पोतराज अंगणाच्या कडेला, जेथे तो दरवर्षी उभा राही, तेथेच उभा होता. विद्यार्थ्याने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि एकदा आत कपाटाकडे. कला घरात येऊन उच्चासनावर बसली होती. कलावंत मात्र अंगणाबाहेरच राहिला होता. या एका दृश्याने त्याची झोप उडविली.

पुढे मुंबईस परतताना गाडीने दादर सोडले, आणि परळ, करी रोड, चिंचपोकळी ही स्थानके एकामागून एक मागे पडू लागली. खिडकीतून काचेचे उंच मनोरे दिसत होते. हाच तो गिरणगाव, हे त्याने पुस्तकांतून वाचले होते. कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेल्या कामगारांनी चाळींच्या दाटीत आपापल्या गावची भजने, नमन, दशावतार आणि तमाशा जिवंत ठेवले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. स्वतः गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, आणि तमाशाच्या अंगाने कामगारांचे दुःख कामगारांच्याच चौकात मांडले. येथे प्रेक्षक आणि कलावंत यांच्यात भिंत नव्हती. दिवसा जो साच्यावर उभा, तोच रात्री ढोलकीपाशी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि त्यांतील बहुसंख्यांना आपले काम पुन्हा मिळाले नाही. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते : एक सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकांसाठी. २००१ साली नियम बदलला, आणि ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य मानला. त्यानंतर जे उभे राहिले ते डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स गिरणीच्या आवारात भव्य बाजारपेठ झाली. हनुमान थिएटर बंद पडले. सोशल सर्व्हिस लीगचे, १९२२ साली उभे राहिलेले, कामगार रंगभूमीचे माहेरघर असे परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा आपले नाट्यगृह त्याच जागी पुन्हा मिळावे म्हणून कलावंतांना आवाज उठवावा लागला.

कष्टकऱ्यांच्या वस्तीत धनिकांनी यावे, जागेचे मोल चढावे आणि मूळ रहिवाशाला तेथे राहणे परवडू नये, या क्रियेला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली लंडन शहराविषयी लिहिताना ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव दिले. मराठीत त्यास ‘कुलीनीकरण’ म्हणता येईल. विद्यार्थ्याला हा शब्द वर्गात भेटला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम मनोरे आले नाहीत. कपाटावरचे मानचिन्ह आले. वस्तीचे जसे कुलीनीकरण होते, तसेच कलेचेही होत नसेल काय?

तमाशाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. महार, मांग, कोल्हाटी या जातींच्या स्त्रीपुरुषांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ती अश्लील ठरवून तिच्यावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा-समिती बसली आणि तपासलेल्या संहितांनिशी तमाशाला पुन्हा वाट मिळाली. तोच पुढे शहरी रंगभूमीवर ‘लोकनाट्य’ या सोवळ्या नावाने नांदू लागला. नांदेड जिल्ह्यातच लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची मोठी यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. विद्यार्थ्याच्या घरची मंडळी जनावरांच्या बाजारासाठी तेथे जात. परंतु तमाशाच्या तंबूकडे वळणाऱ्या मुलाला दटावले जाई. तीच लावणी मुंबईच्या नाट्यगृहात सहकुटुंब पाहिली जाते. कला तीच, बदलली ती जागा आणि नाचणारीची जात. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. पण २००२ साली त्या गेल्या, तेव्हा अखेरच्या आजारातील खर्चासाठी त्यांना इतरांच्या मदतीकडे पाहावे लागले होते. आता त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. मानपत्र घरी आले, म्हणून घर चालतेच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, मग काय ज्याने त्याने आपल्या जातीचीच कला करावी? तसे म्हणणे म्हणजे पुन्हा जुन्याच बेड्या घडविणे होय. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण पठ्ठे बापूराव झाला, जातीचा रोष पत्करून तमाशात रमला, आणि १९४५ साली विपन्नावस्थेत वारला. त्याच्या कवनांना रंगमंचावर जिवंत करणारी पवळाबाई महार जातीत जन्मली होती. तिच्याही वाट्याला हलाखीच आली. दोघांची निष्ठा सारखी, शेवटही जवळजवळ सारखा. तरीही एक भेद उरतोच. बापूरावांनी ती वाट निवडली. पवळाबाईपुढे निवडीला वाव तो किती होता? विशेषाधिकार म्हणतात तो हाच. तो केवळ पैशात नसतो. नकोसे झाले की वेष उतरवून ठेवता येणे, हाही विशेषाधिकारच. स्नेहसंमेलन संपल्यावर विद्यार्थ्याने मळवट पुसला आणि तो वसतिगृहात जाऊन निजला. आषाढातल्या त्या माणसाचा मळवट तसा पुसला जात नाही.

पुढच्या सुटीत विद्यार्थी मनाशी एक योजना घेऊन गावी आला. महाविद्यालयात पोतराजालाच बोलवावे, मुलांनी त्याच्याकडून शिकावे, मानधन त्याला मिळावे. यात वावगे काही नव्हते. तो गावाच्या कडेच्या वस्तीत गेला. त्या घरी जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ. “काका, माझ्याबरोबर मुंबईला येता का?” असे त्याने विचारले, आणि योजना समजावून सांगितली. पोतराजाने सारे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “येतो की. दोन पैसे मिळतील, नाही कशाला म्हणू? पण माझ्यामागं हे कुणी करायचं नाही, असं म्या ठरवलंय. पोरगी दहावी झाली. भोकरला वसतिगृहात तिला जागा भेटंल का, तेवढं बघा, मालक.”

‘मालक’ हा शब्द विद्यार्थ्याने आजवर हजारदा ऐकला असेल. त्या दिवशी तो त्याला बोचला. कला टिकावी ही चिंता त्याची होती. पोतराजाची चिंता निराळी होती : आपल्या मुलीच्या पाठीवर आसूड न पडता तिला जगात जागा मिळावी. आणि ती जागा, गिरणगावात असो की भोकरात, ज्याच्यापाशी शब्द आहे, ओळख आहे, अर्ज भरता येतो, त्यालाच आधी मिळते.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी त्या मुलीला व तिच्या वडिलांना घेऊन वसतिगृहाच्या कचेरीत गेला. अर्ज त्याने स्वतः लिहिला नाही; मुलीला लिहावयास लावला, आणि कोठे अडले तेथे सांगितले. कचेरीत खुर्च्या दोनच होत्या. त्या दोघांना त्यांवर बसवून तो दाराशी उभा राहिला.