गैरहजरांची चौकशी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



एखादी धर्मादाय संस्था पन्नास वर्षे अखंड चालते, ही लहान गोष्ट नव्हे. अशा प्रसंगी माझ्यासारख्या शाळामास्तराला आपण बोलावयास उभे केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ‘सेवाकार्यातील नेतृत्व’ हा विषय मला दिलेला आहे. या विषयात मला जे थोडे कळले ते एका दुर्मीळ आजाराच्या निमित्ताने कळले, आणि त्याचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून झाला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. बुद्धीने चलाख, पण महिन्यातून चार-सहा दिवस गैरहजर. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल खुणांची रांग लागे. कवायतीच्या तासाला तो हमखास सुट्टी मागे. हा अंगचोर आहे असे मी ठरवून टाकले आणि एके दिवशी सर्वांदेखत त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारावयास लावल्या. तो काही न बोलता धावला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणून मी घरी गेलो. पाहतो तो पोराचा गुडघा नारळाएवढा सुजलेला. त्याची आई माझ्यावर रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, “सर, तुमची चूक नाही. आम्हीच आजार लपवला. सांगितलं तर शाळेत ठेवून घेतील की नाही, याची धास्ती होती.”

त्या आजाराचे नाव हिमोफिलिया. रक्त गोठण्यास लागणारा आठवा किंवा नववा घटक (डॉक्टर त्याला ‘फॅक्टर’ म्हणतात) अशा रुग्णांच्या रक्तात नसतो किंवा फारच कमी असतो. सुई टोचताच रक्ताची धार लागते, अशी आपली कल्पना असते. परंतु खरा घात शरीराच्या आत होतो. गुडघा, घोटा, कोपर यांत पुनःपुन्हा रक्त उतरते आणि सांधा कायमचा आखडतो. ‘ए’ प्रकारचा हा आजार सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. तो आईकडून येतो म्हणून घरात बोल तिलाच लागतो. वास्तविक सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी कोणालाच नसतो.

पुढे त्या मायलेकरांबरोबर मी रुग्णांच्या मंडळाच्या एका सभेस गेलो. काठी टेकीत एक गृहस्थ आले. तेच मंडळाचे चालक, आणि रुग्णही. खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांनी विचारले, “आज कोण आलेलं नाही?” नावे लिहून घेतली आणि त्यांतील प्रत्येकाकडे कोण जाऊन येणार, हे तिथल्या तिथे ठरविले. मग सभा सुरू झाली. बंधूंनो, मी खाली मान घालून बसलो होतो. गैरहजरांची नोंद मीही रोज करीत होतो. पण माझ्या पटावर ती अपराध म्हणून होई, त्यांच्या वहीत ती काळजी म्हणून होत होती.

हीच वृत्ती मला या चळवळीच्या इतिहासातही दिसली. फ्रँक श्नाबेल हे कॅनडातील माँट्रियलचे व्यावसायिक. त्यांना स्वतःला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया होता. स्वतःपुरते पाहून त्यांना स्वस्थ बसता आले असते. पण ज्या देशांत या आजाराचे निदानसुद्धा होत नव्हते, तेथील मुलांचे काय, हा प्रश्न त्यांनी आपला मानला. १९६३ साली कोपनहेगन येथे त्यांनी निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींना एकत्र आणून जागतिक हिमोफिलिया महासंघ स्थापन केला. लवकरच अमेरिकेत ज्युडिथ पूल या विदुषींनी गोठविलेला रक्तद्रव हळूहळू वितळवून त्यातून आठवा घटक मिळविण्याची सोपी रीत शोधली. साध्या रक्तपेढीतही ती साधे. त्यानंतर हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनविलेली औषधे आली. दुर्दैव असे की, १९८०च्या सुमारास त्याच औषधांतून असंख्य रुग्णांना एड्सच्या विषाणूची लागण झाली. श्नाबेलही त्यातून सुटले नाहीत. १९८७ साली ते गेले. १९८९ पासून त्यांचा जन्मदिवस, १७ एप्रिल, हा जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या देशात हे काम १९८३ साली दिल्लीत अशोक बहादूर वर्मा यांनी उभे केले. तेही या आजाराचे रुग्ण. आपल्याच कर्नाटकात दावणगेऱ्याचे डॉ. सुरेश हनगवाडी यांनी स्वतः हा आजार सोशीत रुग्णांची संघटना बांधली. अशा संघटनांच्या चिकाटीमुळेच आज अनेक राज्यांतील सरकारी रुग्णालयांत फॅक्टर विनामूल्य मिळू लागले आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला.

आमच्या घरी दयेला ‘रहम’ म्हणतात. या अरबी शब्दाचे आणि आईच्या गर्भाशयाला असलेल्या अरबी शब्दाचे मूळ एकच आहे. दया म्हणजे वरून खाली टाकलेले दान नव्हे. आपल्यात दुसऱ्यासाठी केलेली जागा. ती ज्याच्यापाशी आहे, तोच अशा संस्थेचा खरा पुढारी.

आता दोन शब्द आपल्या न्यासाविषयी. घरचा माणूस म्हणून बोलतो, राग मानू नये. आपण मदत देतो ती दारी येणाऱ्याला. जो येऊच शकत नाही, किंवा लाजेने येत नाही, त्याचे नाव आपल्या कोणत्या वहीत आहे? आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला हजेरीचा दाखला जोडावा लागतो. असे दाखले मीच कितीतरी सह्या करून दिले आहेत. नियम आळशी मुलासाठी केलेला आहे, पण त्यात आधी सापडतो तो आजारी मुलगा. माझी विनंती एवढीच की, आजारपणाचे दिवस हजेरीतून वगळावेत. प्रत्येक गल्लीत एका कार्यकर्त्याने वर्षातून दोनदा घरोघर चौकशी करावी. आणि औषधपाण्याची मदत व्यासपीठावर फोटो काढून न देता घरी नेऊन द्यावी. याला फारसा खर्च नाही. मात्र चालावे लागेल.

तो मुलगा आज एका पेढीवर हिशेब लिहितो. गुडघा मात्र पुरता वाकत नाही. त्या दोन फेऱ्यांचा त्यात किती वाटा, हे कोणी सांगू शकणार नाही. मी मात्र तो माझ्या खाती मांडून ठेवला आहे. तेव्हापासून पटावर लाल खूण करण्यापूर्वी मी वर्गाला विचारतो, “का आला नाही रे? कोणी पाहून आलं का?”

न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांत हाच प्रश्न प्रत्येक सभेच्या आरंभी विचारला जावो, एवढी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.