इंग्रजीचे अवघडपण : मराठीच्या बाजूने



मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या अध्यापकांच्या या अधिवेशनापुढे जो प्रश्न आहे तो तसा जुनाच आहे : इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणे इतके अवघड का जाते? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात; एक इंग्रजीच्या स्पेलिंगला दोष देते, दुसरे विद्यार्थ्याच्या कुवतीला. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर अवघडपणा दोन भाषांमधल्या अंतरात असतो, आणि हे अंतर मोजायचे तर इंग्रजीइतकेच मराठीकडेही बारकाईने पाहावे लागते, हे या भाषणाचे प्रतिपाद्य आहे.

अंतराची ही कल्पना नुसती रूपकात्मक नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवण्यासाठी सुमारे 600 ते 750 तास धरते आणि मराठीच्याच कुळातल्या हिंदीसाठी सुमारे 1100 तास धरते. हे शिकणारे प्रौढ असतात, शिकणे हेच त्या काळातले त्यांचे काम असते आणि त्यांचे वर्ग लहान असतात. तेवढीच वाट उलट दिशेने, भरलेल्या वर्गात, दिवसाच्या एखाद्या तासिकेत चालणाऱ्या मुलाला मंदबुद्धी ठरवणे हा त्या मुलावर उघड अन्याय आहे.

स्पेलिंगचा प्रश्न खरा आहे, पण त्याची चर्चा त्याच्या वाट्याला यावी त्यापेक्षा अधिक होते. 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हा इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार पालटत होते. छपाईने शब्दांची लिखित रूपे हळूहळू पक्की केली आणि उच्चार मात्र पुढे चालत राहिले, त्यामुळे ‘नाइट’ या सरदारवाचक शब्दातले एके काळी उच्चारले जाणारे ‘के’ आणि ‘जीएच’ कागदावर उरले आणि तोंडातून गेले. काही अक्षरे तर विद्वानांनी मागाहून घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दाची आठवण राहावी म्हणून तो लिहिला जाऊ लागला, म्हणजे ‘दूध’ म्हणायचे आणि ‘दुग्ध’ लिहायचे असा हा प्रकार झाला. मात्र या लेखनपद्धतीला स्वतःचे काही तर्क आहेत : ‘साइन’मधला मूक ‘जी’ ‘सिग्नेचर’मध्ये बोलू लागतो आणि दोन्ही शब्दांचे नाते डोळ्यांना दाखवतो. शिवाय ही अडचण एकट्या परभाषकाची नाही. युरोपातील अनेक भाषांच्या बालवाचकांची तुलना करणारा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इंग्रजी वाचायला शिकणारी, घरी इंग्रजीच बोलणारी मुले पहिल्या वर्षाअखेर इतरांच्या खूप मागे असल्याचे दिसून आले.

उच्चारांकडे वळले की मराठीचा स्वतःचा हिशेब सुरू होतो. मराठीच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद असला तरी बोलण्यात इकार-उकाराच्या लांबीवरून अर्थ क्वचितच बदलतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांसारख्या जोड्या संस्कृतातून आलेल्या आहेत आणि त्याही संदर्भाने ओळखल्या जातात. म्हणून जहाज या अर्थाचा ‘शिप’ आणि मेंढी या अर्थाचा ‘शीप’ हे मराठी कानाला एकच वाटतात. याउलट जिथे मराठी कानाला फरक जाणवला तिथे मराठी लिपीने उपायही काढला : ‘बॅट’ आणि ‘ऑफिस’ यांसाठी नवी चिन्हे रूढ केली आणि ‘व्हॅन’ व ‘वॉच’ यांचे आरंभीचे ध्वनी ‘व्ह’ आणि ‘व’ असे वेगळे लिहिले. मराठी भाषक इंग्रजी कसे ऐकतो, याची ही एका अर्थाने शतकभराहून जुनी नोंदच आहे.

त्याहून अवघड गोष्ट आघाताची. शब्दातील एका अवयवावर अधिक जोर देऊन उरलेले अवयव दबक्या आवाजात उरकणे याला आघात म्हणतात. ‘फोटोग्राफ’मध्ये हा जोर पहिल्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, आणि जिथे तो नसतो तिथला स्वर पुसट होऊन अकारासारखा होतो. मराठी उच्चारातल्या प्रत्येक अवयवाला त्याचा पूर्ण स्वर देते. म्हणून मराठी श्रोत्याला इंग्रज माणूस फार भरभर बोलतो असे वाटते, वास्तविक तो निम्मे स्वर पुसत चाललेला असतो.

तरीही खरे अंतर व्याकरणात आहे, आणि त्यातही जे शब्द सर्वांत लहान आहेत त्यांच्यापाशी. ‘अ’, ‘अन’ आणि ‘द’ ही उपपदे, म्हणजे नामापूर्वी येऊन ते नाम ओळखीचे की अनोळखी हे सांगणारे शब्द, मराठीत नाहीत, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि तेवढ्यावर थांबतात. उपपदे मराठीत नाहीत हे खरे, पण ती ज्या भेदासाठी असतात तो भेद मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलालाही अवगत असतो. ‘ते मुलगी पाहायला गेले’ आणि ‘ते मुलीला पाहायला गेले’ या दोन वाक्यांत घरातल्या कोणाचाही गोंधळ होत नाही : पहिल्यात मुलगी कोण ते ठरायचे आहे, दुसऱ्यात ती ठाऊक आहे, आणि हे काम ‘ला’ या प्रत्ययाने केले आहे. ‘अंगणात मुलगा उभा आहे’ यातला मुलगा ऐकणाऱ्याला नवा आहे, ‘मुलगा अंगणात उभा आहे’ यातला परिचित. इथे नुसत्या शब्दक्रमाने काम भागले. इंग्रजी जे एका शब्दाने आणि प्रत्येक वेळी सक्तीने सांगते, ते मराठी कधी प्रत्ययाने, कधी क्रमाने, कधी ‘एक’ किंवा ‘तो’ लावून सांगते आणि गरज नसेल तिथे सांगतच नाही. ही सक्तीच शिकण्याची गोष्ट आहे. नद्यांच्या नावांपूर्वी ‘द’ येतो आणि एकेका शिखराच्या नावापूर्वी येत नाही, असले संकेत पाठ करावेच लागतात. परंतु त्याखालची मूळ जाण मुलाजवळ असते, आणि ती आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

असेच ‘हॅव’ या क्रियापदाचे आहे. ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘घराला चार खिडक्या आहेत’, ‘त्याच्या अंगी धाडस आहे’ या वाक्यांत मराठी जवळ असणे, नाते असणे, भाग असणे आणि गुण असणे यांची वेगवेगळी व्यवस्था लावते; इंग्रजी या सर्वांना एकाच क्रियापदाने बांधते आणि ज्याच्याकडे ते असते त्याला कर्ता करते. राग, थंडी, भूक या गोष्टी मराठी माणसाकडे येतात, वाजतात, लागतात. इंग्रजी माणूस त्यांचा धनी असतो किंवा स्वतःच तसा होतो. मराठी विद्यार्थी ‘टु मी’ने वाक्य सुरू करतो तेव्हा तो बेफिकीर नसतो, तो आपल्या भाषेशी प्रामाणिक असतो. ‘डज’ आल्यावरही ‘गोज’ लिहिणारा विद्यार्थी तर इंग्रजीचाच नियम पाळत असतो, फक्त तो नियम एकदाच पाळायचा असतो हे त्याला अजून उमगलेले नसते. ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ यांसारख्या क्रियापदांनी तो हताश होतो, पण ‘वाचून काढले’, ‘वाचून टाकले’ आणि ‘वाचून घेतले’ यांतल्या काढण्या-टाकण्या-घेण्याने मूळ अर्थ सोडून क्रियेला निराळी छटा दिली आहे हे ज्याला कळते, त्याला ‘अप’ आणि ‘ऑफ’ यांची करामत समजावता येईल.

चुकांमागचा नियम शोधण्याचा हा प्रवास भाषाशिक्षणाच्या शास्त्राने पूर्वीच केला आहे. रॉबर्ट लाडो यांनी 1957 मध्ये मातृभाषा आणि लक्ष्यभाषा यांची पद्धतशीर तुलना करून अडचणींचा अंदाज घेण्याचा मार्ग मांडला. सगळ्या चुका त्या तुलनेतून निघत नाहीत हे लवकरच दिसून आले, आणि पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या मनात आकार घेत असलेल्या नियमांचा पुरावा असते, असे प्रतिपादन केले. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या घडत्या नियमव्यवस्थेला नाव दिले, ज्याला मराठीत आंतरभाषा म्हणता येईल : ती मातृभाषाही नसते आणि लक्ष्यभाषाही नसते, पण तिला स्वतःची शिस्त असते. लाल शाईने भरलेली वही ही अशा आंतरभाषेची हस्तलिखित प्रत आहे, असे मानून ती वाचली गेली पाहिजे.

महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. त्यापूर्वी मराठी शाळांत ती पाचवीपासून असे. वर्षे वाढली, पण त्यासोबत वर्गात मराठीचा शब्द उच्चारू नये असा आग्रहही पुष्कळ ठिकाणी वाढला, आणि तो हानिकारक आहे. भाषांतरातून इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर एके काळी पिढ्या वाढल्या. तिने बोलणे शिकवले नाही हा आक्षेप रास्त आहे, तरी दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय तिने लावली होती. प्रा. एन. एस. प्रभू यांच्या 1979 ते 1984 या काळातल्या बंगळूर प्रकल्पात नकाशे, वेळापत्रके यांवरची कामे करता करता मुले इंग्रजी आत्मसात करतील अशी भूमिका होती, आणि अर्थाकडे लक्ष वेधणारी ती दृष्टी मोलाची आहे. या दोन्ही वाटा एकत्र येऊ शकतात. त्यासाठी अध्यापकाला मराठीचे व्याकरण, शाळेत घोकले त्याहून अधिक, यावे लागेल.

इथवरच्या विवेचनात ‘मराठी’ हा शब्द प्रमाण मराठी या अर्थाने आला आहे, आणि तो अपुरा आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या आंतरभाषा एकसारख्या असतील असे गृहीत धरता येत नाही. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलासाठी तर शाळेची मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. कोरकू ही मुंडा कुलातली भाषा. तिच्यात एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही आहे, मराठीशी तिचे कुळ जुळत नाही. ‘मुलगी’ आणि ‘मुलीला’ यांच्या आधारे ‘अ’ आणि ‘द’ समजावणारा अध्यापक मेळघाटच्या वर्गात उभा राहील तेव्हा त्याच्या हाती कोरकूतील तसे कोणते उदाहरण असेल, हे त्या वर्गातल्या मुलांनाच विचारून, त्यांच्या वह्या जपून ठेवून आणि तिथल्या अध्यापकांना सोबत घेऊन नोंदवण्याचे काम या अधिवेशनाने हाती घ्यावे, अशी अध्यक्षस्थानावरून विनंती आहे.