श्यामची आई कोणाची?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिलाय तो ‘सगळ्या समाजातल्या मुलांना घेऊन नाटक’ असा. ऐकायला तो एकोप्याच्या पोस्टरसारखा वाटतो. तालमीत मात्र पोस्टरसारखं काही घडत नाही. तिथं प्रश्न पडतात, रुसवे-फुगवे होतात, घरून फोन येतात. तेच आज सांगते.

आम्ही ‘श्यामची आई’ करायला घेतलं. १४ मुलं-मुली, वय १५ ते २२. सहा मुस्लिम, चार बौद्ध, एक ख्रिस्ती, बाकीची वेगवेगळ्या हिंदू जातींतली. पहिल्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ही ब्राह्मणाच्या घरातली गोष्ट. आपलं काय त्यात?” मी म्हटलं, आधी वाचू या, मग बोल.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या पाच दिवसांत. ते १९३५ साली प्रसिद्ध झालं. पुढे अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, तो १९५३चा. त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यामुळे प्रेक्षकांच्या डोक्यात श्याम आणि त्याची आई कशी दिसते, हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याला त्या चित्राशी स्पर्धा करायची नव्हती.

वाट पुस्तकातच सापडली. पुस्तकाची प्रकरणं म्हणजे ४२ रात्री. रात्री प्रार्थना झाली की श्याम आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे मुळात हे कथनच आहे. एक सांगतोय, बाकीचे ऐकताहेत. आम्ही ठरवलं, ऐकणाऱ्यांतलाच कुणीतरी उठेल आणि आई होईल. त्यासाठी एक जुनं सुती लुगडं घेतलं. ते ज्याच्या खांद्यावर, तो त्या वेळी आई. सात रात्री निवडल्या, सात जणांनी आई केली. त्यांत दोन मुलगे होते.

आता भाषेचं. आमच्या तीन मुली उर्दू माध्यमातल्या. बोलायला मराठी फर्डी, पण देवनागरी वाचताना अडखळायच्या. एकीनं आपले संवाद उर्दू लिपीत उतरवून घेतले. तिच्या वाट्याला अळणी भाजीची गोष्ट होती. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील काही न बोलता जेवून उठतात, ती. आता ‘अळणी’ लिहायचं कसं? उर्दू लिपीत ना ‘ळ’, ना ‘ण’. तिनं लामवर बारीक गोल काढला, नूनखाली रेघ ओढली. दोन दिवसांनी बघते तर तिघींच्या वह्यांत त्याच खुणा. तुमच्यापैकी कितीजणांना शाळेत ‘तुझं मराठी छान आहे हं’ असं कौतुकानं म्हटलं गेलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे. आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या बोलली जाणारी भाषा आपल्याला छान येते, याचं कौतुक कसलं?

मग घरचे प्रश्न. एका मुलीचे अब्बा आले आणि सरळ विचारलं, “माझी मुलगी स्टेजवर पूजा करणार का?” प्रश्न रास्त होता. त्यांना तालमीला बसवलं, चहा दिला, नाटक दाखवलं. ती आई देवभक्त आहे, ते पुसलं तर आईच राहणार नाही. पण आमच्या कोणत्याही मुलानं मनाविरुद्ध काही करायचं नाही, हाही नियम होता. तोडगा मुलीनंच काढला. म्हणाली, “तुळशीला पाणी मी घालीन. हात जोडायची वेळ आली की लुगडं दुसरीच्या खांद्यावर जाईल.” तसंच केलं. अब्बा पुढच्या तालमीला आले नाहीत, पण मुलीला सोडायला रोज येत राहिले.

दुसऱ्या बाजूनंही बोलणं झालं. “या मुलांना आपली श्यामची आई कशी कळणार?” असं एका गृहस्थांनी विचारलं. त्यांना उत्तर मिळालं ते कर्जाच्या प्रसंगात. सावकाराचा माणूस दारात येऊन श्यामच्या आईला वाटेल तसं बोलतो, तो प्रसंग. तो करणारा मुलगा सांगायचा, बचत गटाच्या हप्त्यासाठी आमच्या दारात माणूस येतो, तेव्हा अम्मी आधी आम्हाला आत पाठवते. त्यानं आई केली तेव्हा पहिल्यांदा मुलांना मागे ढकललं आणि मग तोंड उघडलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी “आपलं काय त्यात?” विचारणारा मुलगा हाच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोळीच्या प्रसंगावर. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी पडलीय, कुणी हात लावत नाही. आई श्यामला म्हणते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन अंघोळ कर. म्हातारीचं काम करणाऱ्या बौद्ध मुलीनं वाचन थांबवलं. “मदत केली ना? मग अंघोळ कशाला?”

तीन दिवस वाद झाला. काहीजण म्हणाले, अंघोळ कापू, आई चांगली दिसेल. ती मुलगी म्हणाली, “कापू नका. आई चांगली दिसेल, पण माझं काय झालं ते दिसणार नाही.” आम्ही अंघोळ ठेवली. श्याम अंगावर तांबे ओततो तोवर ती म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन रंगमंचावर उभी राहते. एक शब्द बोलत नाही. प्रयोगात सर्वांत शांत क्षण तोच असायचा. आई गावाच्या पुढे होती, पण तिथवरच होती. तिचा मुलगा पुढे गेला. याच साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं.

त्या वादात आमचा एक मुलगा अभिमानानं म्हणाला, “आमच्यात असलं काही नाही.” शेजारचा पिंजाऱ्याचा मुलगा हसला. “मग रिश्ता बघताना बिरादरी कशाला विचारतात रे?” अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, सगळे गप्प. कुराणात समता आहे, हे खरंच. पण म्हातारीची मोळी आपल्याही गल्लीत पडलेली आहे, हे त्या पोरांना एका मराठी पुस्तकानं दाखवलं.

म्हणून मला सांगायचंय ते एवढंच. वेगवेगळ्या समाजातली मुलं एकत्र आणायची ती फोटोसाठी नाही. एकाच जातीची मुलं असती तर अंघोळीचं ते वाक्य आम्ही सहज वाचून पुढे गेलो असतो. पुस्तकाला प्रश्न विचारायला वेगवेगळ्या घरांतली माणसं लागतात. आणि जो प्रश्न विचारतो, तो पुस्तकाचा पाहुणा राहत नाही, वारसदार होतो. मराठीतलं सगळं वाङ्मय तुमचंही आहे. त्यावर प्रेम करायचा हक्क आहे, तसा त्याच्याशी भांडायचाही आहे.

करायचं मनात असेल तर सोपं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे त्यांच्या पुस्तकावर नाटक करायला कुणाची परवानगी लागत नाही. जाहीर प्रयोग करायचा तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्या. नेपथ्य नको, एक लुगडं पुरतं. घरच्यांना पहिल्या आठवड्यातच तालमीला बोलवा, त्यांचे प्रश्न मागून येण्यापेक्षा आधी आलेले बरे. आणि जे वाक्य टोचेल ते लगेच कापू नका. त्याच्याभोवती बसा आणि बोला.